प्रेक्षकांचे दफ्तर कोणाच्या मालकीचे? ओटीटीपूर्व काळापासूनच्या परीक्षक-समुदायांचा इतिहास

१/ २० फेब्रुवारी २०१७ रोजी आयएमडीबी या संकेतस्थळाने आपली चर्चापीठे कायमची बंद केली. जगभरच्या प्रेक्षकांनी सुमारे दीड दशक तेथे चित्रपट आणि मालिकांवर लिहिले होते. ते सारे उतरवून घेण्यासाठी त्यांना मिळाले केवळ अडीच आठवडे. हे संकेतस्थळ मुळात अशा प्रेक्षकांनीच उभारले होते, ही या घटनेतील खरी मेख होय.

२/ वर्ष १९९०. वेब अद्याप सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नव्हते. विद्यापीठांतील आणि संगणक कंपन्यांतील मंडळी यूजनेटवर विषयवार गटांत पत्रे टाकीत. चित्रपटांना वाहिलेल्या गटात काही हौशी सदस्य याद्या सांभाळत : कोणी अभिनेत्रींची, कोणी दिग्दर्शकांची. १७ ऑक्टोबर १९९० रोजी ब्रिस्टलजवळ राहणाऱ्या कॉल नीडहॅम या संगणक अभियंत्याने या याद्यांत शोध घेता येईल अशी आज्ञावली गटावर मोफत ठेवली.

३/ समुदाय घडला तो या याद्यांभोवती. प्रत्येक यादीला एक सांभाळणारा असे आणि इतर सदस्य त्याला दुरुस्त्या व भर पाठवीत. चित्रपटांना १ ते १० गुण देण्याची रीतही रुजली. काम लहान लहान वाटलेले असल्याने कोणावर भार पडत नसे, आणि संग्रहावर नाव कोणा एकाचे नसे.

४/ १९९३ मध्ये हा संग्रह कार्डिफ विद्यापीठाच्या संगणकावरून वेबवर आला. १९९६ मध्ये त्याची कंपनी झाली आणि १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. ॲमेझॉनला त्या काळी पुस्तकांबरोबर चित्रफिती विकायच्या होत्या. हौसेने जमवलेली माहिती अशा रीतीने दुकानाच्या दर्शनी भागात मांडली गेली.

५/ त्याच वर्षी अमेरिकेत एका किशोरवयीन मालिकेची खिल्ली उडवणारे संकेतस्थळ सुरू झाले. टॅरा एरियानो, सेरा बंटिंग आणि डेव्हिड कोल यांच्या या उपक्रमाला पुढे ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’ हे नाव मिळाले. प्रत्येक भागाचा तपशीलवार आणि तिरकस वृत्तान्त हे त्याचे वैशिष्ट्य. चर्चेचे नियम कडक होते : शुद्ध लिहा, पूर्ण वाक्यांत लिहा, नुसते ‘मलाही तसेच वाटते’ असे लिहून जागा अडवू नका. या शिस्तीमुळेच तेथील लेखन पुन्हा वाचण्याजोगे राहिले.

६/ त्याचा धाक निर्मात्यांपर्यंत पोहोचला होता. ‘द वेस्ट विंग’ या मालिकेचा लेखक ॲरन सॉर्किन तेथे स्वतः लिहू लागला आणि सदस्यांशी त्याचे खटके उडाले. २००२ मध्ये त्याने मालिकेच्या एका भागातच अशा चर्चापीठाची टर उडवली. प्रेक्षकाचे मत आता लेखकाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचले होते.

७/ २००७ मध्ये ‘ब्राव्हो’ या दूरचित्रवाहिनीने हे संकेतस्थळ विकत घेतले. म्हणजे ज्यांची परीक्षणे व्हायची, त्यांच्यापैकीच एक जण परीक्षकांचा मालक झाला. वर्षभरात संस्थापक बाहेर पडले आणि २०१४ मध्ये संकेतस्थळ बंद झाले.

८/ नेटफ्लिक्सची कथा याहून उद्बोधक आहे. आरंभी ही कंपनी टपालाने डीव्हीडी भाड्याने देई. सर्वांनीच नवे चित्रपट मागितले तर गोदामातील जुन्या चकत्या पडून राहणार. ग्राहकांनी दिलेले तारे आणि त्यांवर आधारलेल्या शिफारशी जुन्या चित्रपटांना गिऱ्हाईक मिळवून देत. प्रेक्षकांचे मत हा तेव्हा या व्यवसायाचा आधारस्तंभ होता.

९/ म्हणूनच २००६ मध्ये कंपनीने शिफारशींची अचूकता १० टक्क्यांनी वाढवणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि सुमारे १० कोटी गुणांकने नावे काढून खुली केली. अरविंद नारायणन आणि विटाली श्मातिकोव्ह या संशोधकांनी ती आयएमडीबीवरील जाहीर गुणांकनांशी ताडून काही व्यक्ती ओळखता येतात हे दाखवून दिले. बक्षीस २००९ मध्ये दिले गेले, परंतु दुसरी स्पर्धा खासगीपणाच्या वादामुळे २०१० मध्ये रद्द झाली.

१०/ दरम्यान व्यवसाय पालटला. २००७ पासून चित्रपट थेट इंटरनेटवरून दिसू लागले आणि २०१३ पासून स्वतःच्या मोठ्या मालिका येऊ लागल्या. पाहण्याची प्रत्येक हालचाल आता आपोआप नोंदली जात होती. २०१७ मध्ये तारे जाऊन अंगठा आला. २०१८ मध्ये ग्राहकांची लेखी परीक्षणे काढून टाकण्यात आली. त्यांचा वापर घटला आहे, असे कारण कंपनीने दिले.

११/ ते कारण खोटे मानण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याने मूळ फरक झाकला जात नाही. मालिका कोणत्या मिनिटाला सोडली हे यंत्राला कळते, का सोडली हे परीक्षणच सांगते. शिवाय यंत्राची नोंद कंपनीपाशी राहते, तर परीक्षण दुसऱ्या प्रेक्षकाच्या कामी येते. नेटफ्लिक्सने पाहणीचे सविस्तर आकडे नियमितपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये.

१२/ आपलाच माल विकणाऱ्या दुकानात ग्राहकांची वही फार काळ टिकत नाही, हे उमगल्यावर प्रेक्षक अन्यत्र वळले. २०११ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मॅथ्यू ब्युकॅनन आणि कार्ल फॉन रँडो यांनी ‘लेटरबॉक्स्ड’ सुरू केले. चित्रपट पाहावा, तारीख टाकावी, चार ओळी लिहाव्यात, अशी ती रोजनिशी. सदस्याला आपल्या नोंदी उतरवूनही घेता येतात. मात्र २०२३ मध्ये त्याचाही ६० टक्के हिस्सा ‘टायनी’ या कॅनडातील कंपनीकडे गेला. मालकीचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

१३/ या इतिहासात समुदाय उभारण्याची रीत स्पष्ट दिसते : वाटून घेतलेले लहान काम, लेखनाची शिस्त आणि विक्रेत्यापासून अंतर. तो टिकवण्यास मात्र चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे नक्कल. २०१७ मध्ये आयएमडीबीवरील बरीच चर्चा वाचली, कारण बाहेरच्या उत्साही मंडळींनी ती उतरवून ‘मूव्हीचॅट’ या संकेतस्थळावर मांडली.

१४/ एखादी मालिका कशी बनली हे उद्याच्या अभ्यासकाला कंपन्यांच्या कागदांतून कळेल. ती पाहताना सामान्य माणूस का हसला, कशावर चिडला, याचे साधन एकच : त्याने स्वतः लिहून ठेवलेला शब्द. आपण जेथे लिहितो तेथील दफ्तराच्या किल्ल्या बहुधा दुसऱ्याच्या कमरेला असतात. म्हणून लिहिणाऱ्याने एक प्रत आपल्या घरी ठेवावी.