उष्ण हवेतील कॅमेरा : बिघाड व दुरुस्ती यांचा इतिहास

छायाचित्रणाचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८३९ मध्ये दागेरचे तंत्र प्रसिद्ध झाले, १८५१ मध्ये आर्चरने ओल्या कलोडियनची कृती जाहीर केली, १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखविला, १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला, असा हा क्रम सांगितला जातो. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यावर यंत्राचे दुसरे आयुष्य सुरू होते, आणि त्या आयुष्याचा प्रमुख पुरावा म्हणजे त्याचे बिघाड व त्यांवरील दुरुस्त्या होत. युरोपात घडविलेला कॅमेरा हिंदुस्थानच्या हवेत आला तेव्हा त्याचे काय झाले हे पाहू लागल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्यांना यंत्राचे दोष म्हटले जाते त्यांपैकी पुष्कळसे यंत्र व हवा यांच्यातील विसंवादाचे परिणाम होते, ही पहिली. आणि एका दोषावर योजलेला उपाय वारंवार दुसऱ्या दोषास कारण झाला, ही दुसरी.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रणविषयक सभा स्थापन झाली, आणि तिच्या सभासदांत युरोपियनांबरोबर डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही होते. त्या काळी कलोडियनचे तंत्र रूढ होत होते. या तंत्रात काचेवर द्रव पसरून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. कलोडियनमधील ईथर सुमारे ३५ अंश सेंटिग्रेडला उकळते. दख्खनच्या उन्हाळ्यात तंबूतील उष्णता याहून अधिक असे; साहजिकच थर वेळेपूर्वी सुके. शिवाय काचेवरून ओघळणारे चांदीच्या क्षाराचे पाणी काचपेटीच्या खालच्या कोपऱ्यांत साचे. ते लाकूड व पितळ दोन्ही खाई, आणि त्या गंजाचे डाग पुढील काचेवर उमटत. म्हणून त्या कोपऱ्यांत चांदीची तार किंवा काचेचे तुकडे बसविण्याची व लाकडास लाखेचे रोगण देण्याची पद्धत पडली. जुन्या काचपेट्यांत आजही दिसणारे हे कोपरे शोभेसाठी नाहीत. तो एका बिघाडाचा लेख आहे.

कोरडी काच आली आणि हा दोष नाहीसा झाला. मात्र लाकूड, सरस व चामडे यांचे दुखणे कायम राहिले. पावसाळ्यात सरस सैल होई, उन्हाळ्यात लाकूड आकसे, आणि सांध्यांतून प्रकाश आत शिरे. यावर इंग्लंडमधील कारखानदारांनी खास उष्ण कटिबंधासाठी कॅमेरे काढले. ते सागवानाचे असत आणि त्यांचे सांधे केवळ सरसावर न सोपविता पितळी पट्ट्या व स्क्रू यांनी आवळलेले असत. ब्रह्मदेश व हिंदुस्थान येथे वाढणारे सागवान अशा प्रकारे कॅमेऱ्याचे रूप घेऊन पूर्वेकडे परतले. भात्यासाठी पुष्कळदा तांबडे रशियन चामडे वापरीत. त्यास दिलेल्या भूर्जतेलाच्या वासाने किडे दूर राहतात अशी समजूत होती.

भाता हा या यंत्राचा सर्वांत दुर्बळ अवयव. घडीच्या कोपऱ्यांवर चामडे झिजून सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडत, आणि चित्रावर धुरकट पट्टे येत. दोष शोधण्याची रीत सोपी होती : अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरावयाचा आणि बाहेरून प्रकाशाचे ठिपके पाहावयाचे. त्यांवर रबराच्या द्रावणात काजळ कालवून लावीत, अथवा पातळ काळे कापड चिकटवीत. परंतु ठिगळांवर ठिगळे चढली की भाता जाड होई, नीट मिटत नसे, आणि जोर देऊन मिटविल्यास नव्या घडीवर फाटे.

भिंगांचा प्रश्न याहून नाजूक होता. दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने जोडीत. कारण तिचा वक्रीभवनांक, सुमारे १·५३, काचेच्या अगदी जवळ आहे. ही राळ उष्णतेने मऊ होते व कालांतराने पिवळी पडते. कडेपासून जोड सुटू लागला की इंद्रधनुष्यी कडी दिसतात. दुरुस्ती म्हणजे भिंग सावकाश तापवून काचा विलग करणे, जुनी राळ काढणे व नव्या राळेने त्या जोडणे. यात दोन्ही काचांचे अक्ष किंचित जरी ढळले, तरी भिंग स्वच्छ दिसूनही चित्र कायमचे अस्पष्ट राहते. डोळ्यांस समाधान देणारी दुरुस्ती यंत्रास मारक ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शटरच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. १९१२ साली म्युनिक येथील डेकेलच्या कारखान्याने काढलेल्या कॉम्पुर शटरमध्ये वेग मंदावण्यासाठी हवेच्या नळीऐवजी दंतचक्रांची योजना होती. उष्ण हवेत चक्रांचे वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर पसरे, तेथे ते घट्ट होई, आणि शटर अडखळे. अडखळणाऱ्या यंत्रास तेल पाजावे ही सायकल व शिवणयंत्र यांवरून आलेली समजूत येथे घातक ठरे. खरी दुरुस्ती तेल काढण्याची होती : पाकळ्या पेट्रोलने धुऊन कोरड्या ठेवावयाच्या. वेग तपासण्यासाठी ग्रामोफोनही उपयोगी पडे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर पांढरी खूण करून तिचे चित्र घेतल्यास १/२५ सेकंदात ती सुमारे १९ अंशांचा कंस दाखवी. कंस मोठा आल्यास शटर मंद आहे असे सिद्ध होई. लायकासारख्या कॅमेऱ्यांत तर भिंग सूर्याकडे रोखलेले राहिल्यास शटरच्या कापडी पडद्यास भोक पडे.

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे बुरशी. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या दमट अरण्यात सैन्याच्या दुर्बिणी निकामी होऊ लागल्या, तेव्हा मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि उपकरणाच्या आत पारदयुक्त बुरशीनाशक ठेवण्याचा उपाय सुचविला. बुरशीचे तंतू आरंभी पुसता येतात. पुढे त्यांच्या आम्लाने काचच कोरली जाते आणि दुरुस्ती अशक्य होते. कोकणातील पावसाळ्यात चामडी पेटीत जपून ठेवलेला कॅमेरा उघड्या कपाटातील कॅमेऱ्यापेक्षा लवकर बिघडतो. कारण पेटी ओल धरून ठेवते.

या सर्व व्यवहारातून जे ज्ञान निर्माण झाले त्याची थोरवी कोल्हापुरात दिसून आली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणला होता. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी मात्र प्रक्षेपणयंत्राचे भाग न्याहाळून स्वतःच कॅमेरा घडविण्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने काम पुरे केले, आणि त्याच कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. यंत्र उघडून पाहण्याची सवय व यंत्र घडविण्याची पात्रता यांत फार मोठे अंतर नसते, हे येथे प्रत्ययास येते. १९५७ नंतर आयात आवळली गेली. नवे कॅमेरे व सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि हे कौशल्य चैनीचे न राहता गरजेचे झाले.

आज या परंपरेपुढे दोन संकटे आहेत. अंकीय कॅमेऱ्यात बहुतेक दुरुस्ती म्हणजे संपूर्ण भाग बदलणे. त्यामुळे जुन्या कारागिरांचे हात रिकामे झाले, आणि त्यांचे ज्ञान लिहिले न गेल्याने त्यांच्याबरोबर नाहीसे होत आहे. दुसरे संकट संग्राहकांच्या हौसेचे आहे. जुना कॅमेरा 'नव्यासारखा' करताना ठिगळाचा भाता फेकला जातो, पितळ घासून चकाकविले जाते, हाताने कापलेला स्क्रू काढून कारखान्याचा बसविला जातो. यंत्र सुंदर होते, पण त्याने येथे काढलेल्या वर्षांचा पुरावा पुसला जातो. जुन्या हस्तलिखिताच्या समासातील लेखनिकाची दुरुस्ती जसा संशोधक खोडीत नाही, तसाच न्याय या वस्तूंना लावणे अगत्याचे आहे. संग्रहालयांनी कॅमेऱ्याची नोंद करताना कारखाना व साल यांबरोबर दुरुस्तीच्या खुणाही नोंदवाव्यात, आणि जे कारागीर हयात आहेत त्यांच्याकडून त्या खुणांचा अर्थ वेळीच समजून घ्यावा.