पगारात न मावणारे : कामाच्या जागी कृतज्ञता, एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कार्यालयात कोणी कोणाचे आभार मानले की आसपास कुठेतरी एक वाक्य उमटतेच : ‘त्याचाच तर पगार मिळतो.’ कधी ते उघड बोलले जाते, कधी नुसती भुवई उंचावते. कृतज्ञतेच्या अभ्यासाकडे नव्याने येणाऱ्या वाचकाने या वाक्यावर रागावू नये, ही माझी पहिली विनंती. कोरड्या साहेबाचे बोल म्हणून ते झटकून टाकले, तर या विषयातला सगळ्यात कसदार प्रश्न हातातून निसटतो. ज्या कामाचा मोबदला आधीच ठरलेला आहे, ते करणाऱ्याबद्दल कृतज्ञ असण्याला काही अर्थ आहे का?

प्रश्न जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने उपकार या एकाच विषयावर सात खंड लिहिले. त्यांपैकी तिसऱ्यात तो विचारतो, गुलाम आपल्या मालकावर उपकार करू शकतो का? काटेकोर मंडळींचे उत्तर तयार होते. परक्याने केले तो उपकार, मुलाने किंवा पत्नीने केले ते कर्तव्य, गुलामाने केली ती चाकरी; आणि चाकरीचे आभार नसतात. सेनेकाला हे मान्य नाही. चाकरीची हद्द जिथे संपते, तिथून पुढे माणूस स्वेच्छेने जे देतो तो उपकारच, देणारा कोणीही असो. गुलामगिरी मात्र सेनेकाने मोडीत काढली नाही. हा तपशील वाचकाने बाजूला ठेवून द्यावा, पुढे तो लागणार आहे.

आता ही हद्द नेमकी कुठे संपते, आणि ती ठरवतो कोण? या प्रश्नाला विसाव्या शतकात सर्वांत चांगले वळण दिले ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी. १९८९ साली आलेल्या ‘द सेकंड शिफ्ट’ या पुस्तकात त्यांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरांत ‘कृतज्ञतेची अर्थव्यवस्था’ कशी चालते ते पाहिले. नवऱ्याने कपडे धुतले, तर आपण काहीतरी जास्तीचे दिले असे त्याला वाटते. बायकोच्या हिशेबात तो त्याच्या वाट्याच्या कामाचा एक तुकडा असतो, तोही उशिरा मिळालेला. एकाच कृतीकडे दोघे दोन पायऱ्यांवरून बघतात आणि दोघांच्याही मनात ‘माझी कदर नाही’ ही तक्रार साचते. कार्यालयात याहून वेगळे काही घडत नाही. नव्याने रुजू झालेल्या पोराला खाचाखोचा समजावणारी ज्येष्ठ सहकारी, आजारी माणसाची फाइल न सांगता उचलणारा शेजारचा, पाळी संपताना पुढच्यासाठी नोंद व्यवस्थित लिहून जाणारी सिस्टर : यांतले किती कर्तव्य आणि किती देणे, यावर टीममध्ये एकमत क्वचितच असते. म्हणूनच टीममधल्या कृतज्ञतेचा अभ्यास म्हणजे मोठ्या प्रमाणावर अपेक्षांचा अभ्यास आहे, असे माझे मत आहे. शिष्टाचाराचा भाग त्यात थोडाच.

मानसशास्त्राने या विषयात पाऊल टाकले ते बऱ्याच उशिरा. १९६८ मध्ये अब्राहम टेसर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, कृतज्ञता किती वाटेल हे तीन गोष्टींवर ठरते : देणाऱ्याचा हेतू काय होता, त्याला किती झळ बसली आणि घेणाऱ्याला त्याचा किती उपयोग झाला. त्यानंतर बराच काळ फारसे काही घडले नाही. मग २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा निबंध आला आणि आज आपण ज्याला ‘कृतज्ञतेची वही’ म्हणतो ती प्रयोगशाळेत शिरली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. दहा आठवडे, दर आठवड्याला, एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या गटातल्यांना आयुष्य एकंदरीत बरे वाटू लागले, पुढच्या आठवड्याबद्दल ते अधिक आशावादी होते, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारी कमी झाल्या, इतकेच काय, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी व्यायामही जास्त केला.

या निकालाच्या जोरावर पुढे वह्या, ॲप आणि प्रशिक्षणवर्ग यांचा मोठा बाजार उभा राहिला. नव्या वाचकाने मात्र त्या निबंधाकडे जरा तिरक्या नजरेने पाहायला शिकावे. ठळक फरक दिसतो तो कृतज्ञता आणि कटकटी या दोन गटांत. साध्या घटना लिहिणाऱ्यांशी तुलना केली की तो बराच आक्रसतो. म्हणजे चांगले लिहिल्याने किती बरे वाटले आणि वाईट उगाळल्याने किती बिघडले, हे वेगळे करणे सोपे नाही. पुढच्या काळात असे अनेक प्रयोग एकत्र करून जे आढावे घेतले गेले, त्यांचाही सूर नेमस्त आहे : परिणाम खरा, पण माफक. २०२१ च्या एका आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम लहानच आढळला. वहीने औषधाची जागा घ्यावी असा दावा कोणी करत असेल, तर तो या क्षेत्राच्या पुराव्यावर उभा नाही. स्वतःची नजर थोडी बदलावी, दिवसभरात आपल्या वाट्याला आलेले दुसऱ्यांचे श्रम दिसू लागावेत, एवढ्यासाठी मात्र वही उत्तम साधन आहे. व्यक्तिगत वाढ म्हणतात ती बहुतेक इथेच होते.

वहीतली कृतज्ञता तोंडावर आली की काय होते, हा पुढचा टप्पा. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० मध्ये एका सरकारी अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. त्यांचा पगार ठरावीक होता, फोन जास्त केले म्हणून जास्त मिळत नव्हता. वार्षिक देणग्यांच्या प्रमुख बाईंनी निम्म्या जणांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या मेहनतीबद्दल आभार मानले. पुढच्या आठवड्यात या गटाचे फोन पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले. दुसऱ्या गटात तसे काही झाले नाही. लेखकांचे स्पष्टीकरण आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. आभार ऐकून ‘मी या कामात हुशार आहे’ ही भावना वाढली म्हणून हे घडले नाही, ‘माझे इथे असणे कोणाच्या तरी उपयोगी आहे’ ही भावना वाढली म्हणून घडले, असे ते म्हणतात.

इथे एक टीप मजकुरातच द्यायला हवी. जीनो यांच्या इतर काही निबंधांतील आकडेवारीवर २०२३ मध्ये गंभीर आक्षेप घेतले गेले. त्यांनी आरोप नाकारले, पण २०२५ मध्ये हार्वर्डने त्यांची कायमस्वरूपी नेमणूक रद्द केली. ज्या निबंधांवर आक्षेप होते त्यांत हा नव्हता. तरीही पन्नास टक्क्यांचा आकडा प्रत्येक सादरीकरणात फडकावणाऱ्यांनी, तो एका संस्थेतल्या चाळीसएक माणसांवरचा आणि एका आठवड्याचा आहे, हे सोबत सांगावे. माझा विश्वास त्या आकड्यापेक्षा स्पष्टीकरणावर अधिक आहे, कारण तेच सूत्र इतरत्रही सापडते. सारा अल्गो यांच्या मांडणीनुसार कृतज्ञता आपल्याला चांगले सोबती शोधून देते, आहेत त्यांची आठवण करून देते आणि त्यांच्याशी बांधून ठेवते. टीम म्हणजे तरी याहून निराळे काय असते?

यावरून व्यवहारातली एक गोष्ट सहज निघते. ‘सगळ्यांचे मनःपूर्वक आभार’ असा मेल सगळ्यांना जातो आणि कोणालाच पोचत नाही. ‘शुक्रवारी तू थांबून जुनी बिले जुळवलीस, म्हणून सोमवारी ऑडिटरसमोर आपल्याला शोधाशोध करावी लागली नाही’ या वाक्यात टेसर यांचे तिन्ही घटक आहेत, हेतू, झळ आणि उपयोग. शिवाय बोलणाऱ्याने काम खरोखर पाहिले होते, याचा पुरावाही आहे.

आपल्याकडचा वाचक इथे अडखळतो, आणि ते योग्यच आहे. घरात आपण एकमेकांचे आभार मानत नाही. आईने ताट वाढले म्हणून ‘थँक्यू’ म्हणणारा मुलगा अजूनही बऱ्याच घरांत थट्टेचा विषय होतो. पण यात आपण फार वेगळे आहोत असे नाही. २०१८ मध्ये सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली रोजची संभाषणे तपासली. मराठी त्यांत नव्हती. आप्त आणि ओळखीच्या माणसांत, कोणी मागितलेली गोष्ट दिली वा केली, तर शब्दांत आभार मानले जाण्याचे प्रमाण साधारण विसात एक निघाले. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यामानाने बोलके. म्हणजे बहुतेक जगात माणसे न बोलता देतात आणि न बोलता घेतात. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८५ मध्ये तमिळ समाजाबद्दल लिहिताना हेच सुचवले होते की, तिथे कृतज्ञता शब्दांपेक्षा कृतीतून आणि परतफेडीतून वावरते.

आपल्या परंपरेत या परतफेडीची चौकट ऋणाची आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे आणि ते अन्न व आसरा देऊन फेडायचे आहे. ही कल्पना मला प्रिय आहे, पण कार्यालयात ती जपून आणावी. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, देणाऱ्याला परतफेडीची अपेक्षा आहे असे जाणवू लागले की घेणाऱ्याच्या मनातले ओझे वाढते आणि कृतज्ञता घटते. ‘मी तुला इथे चिकटवला’ असे वर्षानुवर्षे ऐकवणारा वरिष्ठ कृतज्ञता कमावत नाही, वसुली करतो.

सत्तेचा मुद्दा असा आपोआप येतो. किष्किंधाकांडातला सुग्रीव आठवावा. राज्य हाती आले, पावसाळा सरला, तरी सीतेच्या शोधाचे दिलेले वचन तो विलासात विसरला. हनुमानाने आठवण करून दिली होती, तरी अखेर लक्ष्मणाला संतापून यावे लागले आणि कृतघ्नाला प्रायश्चित्त नाही हे ऐकवावे लागले. एरिक अनिसिच आणि सहकाऱ्यांचे २०२२ चे संशोधन शोधनिबंधांच्या ऋणनिर्देशांपासून सुरू होते, आणि त्याचा निष्कर्ष वाल्मीकींना नवा वाटला नसता : ज्याच्या हाती अधिकार जास्त, तो कृतज्ञता कमी अनुभवतो आणि कमी व्यक्त करतो. खालचा वरच्याचे आभार मानतो हे कार्यालयात रोज घडते. उलट दिशेचा प्रवाह मुद्दाम राखावा लागतो.

आणि आता सेनेकाचा तो बाजूला ठेवलेला तपशील. गुलामाचे आभार मानावेत, पण त्याला गुलामच ठेवावे, ही अडचण संपलेली नाही. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्यामागची भावना खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी त्या वाजल्या त्यांत घरोघर जाऊन तपासणी करणाऱ्या ‘आशा’ आरोग्यसेविकाही होत्या. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, त्यांना मिळते ते मानधन आणि कामागणिक मोबदला. ‘त्याचाच तर पगार मिळतो’ हे वाक्यसुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. कौतुक हे मोबदल्याच्या ऐवजी दिले जाऊ लागले, की घेणाऱ्याला ते तत्काळ कळते आणि पुढचे खरे आभारही संशयास्पद होतात. कृतज्ञतेचा उपक्रम आखणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने आधी पगारपत्रक, ओव्हरटाइमचा हिशेब आणि रखडलेल्या बढत्या पाहाव्यात. ते नीट असेल तर वही उघडावी.

या क्षेत्रात स्वतः काही तपासून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी शेवटी कामाच्या पद्धतीबद्दल थोडेसे. आपल्या टीममध्ये पाहणी करायची म्हटली की पहिली प्रश्नावली ‘तुम्हाला किती कृतज्ञ वाटते?’ अशी निघते, आणि सगळे जण छान छान आकडे भरून देतात. एमन्स आणि मॅक्कलो यांच्या तिसऱ्या प्रयोगात स्नायू-मज्जातंतूंचे विकार असलेले लोक होते. तिथे संशोधकांनी वही लिहिणाऱ्यांबरोबर त्यांच्या जोडीदारांनाही विचारले आणि फरक त्यांनाही जाणवला होता. लॉरेन लॉकलियर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांना कामाचे दहा दिवस कृतज्ञतेची वही लिहायला दिली आणि उद्धट बोलणे, पाठीमागची कुजबुज, कोणाला वगळणे यांत काही फरक पडला का, हे त्यांच्या सहकाऱ्यांना विचारले. तो पडला होता. वही एकाने लिहावी आणि निकाल शेजारच्या टेबलावरच्याने सांगावा, ही रचना लहान कार्यालयातही जमण्यासारखी आहे. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. फक्त शेजारच्याचे उत्तर साहेबांच्या हाती नावासकट जाणार नाही, एवढी व्यवस्था आधी करावी लागते.