फ्लॉपीवरून जागा होणारा संगणक

विटा हे यंत्रमागाचे आणि गलाईचे गाव. सूत, मजुरी, सोन्या-चांदीची घट यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मराठी वहीत मांडला गेला. तो वैयक्तिक संगणकावर चढवायचा, तर पहिलाच अडसर होता: त्याचा कारभार चालवणाऱ्या डॉस या प्रणालीला मराठी येत नव्हती.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी पीसी, म्हणजेच हा वैयक्तिक संगणक, जाहीर केला. सुरुवातीच्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. १६० किलोबाइटची सव्वापाच इंची फ्लॉपी घालून बटण दाबले, की रॉममधला कार्यक्रम स्मृती तपासायचा आणि फ्लॉपीवरचे पहिले ५१२ बाइट वाचायचा. तेवढ्या तुकड्याचे काम एकच, डॉसच्या दोन लपवलेल्या फायली शोधून आणणे. त्यापाठोपाठ आदेश स्वीकारणारी कमांड.कॉम ही फाइल चढायची. मग पडदा तारीख आणि वेळ विचारायचा, कारण वीज गेल्यावर चालत राहील असे घड्याळ त्या यंत्रात नव्हते. कंटाळून नुसते एंटर दाबले, तर त्या दिवशीच्या फायलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडे. हिशेबाच्या कामात ही हयगय महाग पडणारी होती.

हे डॉस मुळात टिम पॅटरसन यांनी सिॲटलमध्ये १९८० साली लिहिले आणि १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. भारतात १९८४च्या नव्या संगणक धोरणाने असे पीसी मिळणे सोपे केले.

पण डॉसचा पडदा ८० रकाने आणि २५ ओळींचा, प्रत्येक चौकटीत एक ठरावीक चिन्ह. वेलांटी, रफार, जोडाक्षरे त्यात बसवायची कशी? कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या कामातून उत्तर आकाराला आले. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नेले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तांबे आणि सहकाऱ्यांचे जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की इंग्रजीसाठी बनलेल्या डॉसच्या कार्यक्रमांतही देवनागरी लिहिता येई. त्यासाठी वापरलेल्या इस्की या संकेतप्रणालीत पहिल्या १२८ जागा इंग्रजीसाठी तशाच राखल्या आणि भारतीय अक्षरे वरच्या १२८ जागांत घेतली. त्यामुळे मूळ कार्यक्रम बदलावे लागले नाहीत.

१९९१ साली इस्की भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली आणि आजचे मोबाइलही तीच वापरतात.