किनवटचा दवाखाना नांदेडात कशाला?

लातुरात मित्रांमध्ये बसलो असताना म्हणालो, आदिवासी आरोग्याचं एक मोठं केंद्र मराठवाड्यातही हवं. एकजण पटकन म्हणाला, "आपल्याकडं कुठं आलेत आदिवासी?" गडचिरोली-मेळघाटापलीकडं आपली नजर जातच नाही. किनवट-माहूर कुणी मराठवाड्यात धरतच नाही!

थोडा इतिहास बघा. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला जोडला. (राजुराही आला होता, तो १९५९ साली चांद्याला गेला.) गोंड, कोलाम, परधान यांचं गणगोत मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिलं. आजही किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि आदिलाबाद त्याच्या निम्म्याहून जवळ. अडलेली बाळंतीण घेऊन निघालेला माणूस राज्याची हद्द बघत नाही, जवळचा दवाखाना बघतो.

१९४० साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या गोंडांत गेले. ते मारलावाई गावात राहिले, लोकांचं ऐकलं. मग तिथं गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केलं आणि गोंडी वाचनपुस्तकं निघाली, तीही देवनागरीत. निजामाचा कारभार होता, त्याचं कौतुक करायचं काही कारण नाही. पण आधी गोळ्या घालून मग विचारायला गेले, तरी गेले तर खरं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, अशी उत्तरं आली. म्हणून शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, सोबत्यांना राहायला जागा झाली आणि दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

आपल्याकडं काय आहे? किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागं एक उपकेंद्र, असा सरकारचाच निकष आहे. म्हणजे पाया कागदावर तरी आहे. अडतं ते पुढं. सोनोग्राफी, रक्त, भूलतज्ज्ञ म्हटलं की चिठ्ठी नांदेडची.

म्हणून माझं म्हणणं, केंद्र करायचंच तर गोकुंद्यालाच करा. नांदेडात बांधाल तर तो आणखी एक सरकारी दवाखाना होईल, बस्स. गोंडी-कोलामी बोलणारी माणसं खिडकीवर बसवा. आदिलाबादला गेलेल्या पेशंटचे कागद इथं चालतील अशी दोन राज्यांत सोय लावा. आणि नकाशा काढायच्या आधी एकदा कोलामांच्या गुड्यावर जाऊन बसा. तिथल्या बायका सांगतील, खाटेशेजारी कुणाला बसू द्यायचं ते.