तेरचं कापड आणि तांबड्या समुद्राची वाट

आज आपण तेरच्या कापडाबरोबर लांबच्या प्रवासाला जाऊ. तेर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं गाव. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी इजिप्तच्या एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत लिहून ठेवलं, की तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला येतं. पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस’. त्यात आपलं कल्याण आणि सोपाराही आहे.

भडोचहून जहाजं अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरत. हा समुद्र लांबट, 2,000 किलोमीटरच्या आसपास; रुंदी मात्र कुठंच 400 किलोमीटरसुद्धा नाही. शेवटपर्यंत गेलं की सुएझ. पण जहाजं तिथवर जात नसत. सुमारे 700 किलोमीटर अलीकडे, इजिप्तच्या किनाऱ्यावर बेरेनिके बंदरात माल उतरवत. पुढं उंटांवरून बारा दिवस वाळवंट तुडवत नाईल नदी गाठायची, तीही उन्हामुळं बहुतेक रात्रीची.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर वाऱ्यात आणि पाण्यात आहे.

आमटी आटली की खारट होते, हे आपल्याला माहीत आहे. तांबड्या समुद्राचंही तसंच. त्याला मोठी नदी मिळत नाही, पाऊसही नावालाच. उन्हानं वर्षाला सुमारे 2 मीटर पाणी उडून जातं. ती तूट भरायला दक्षिणेच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून नवं पाणी आत येतं. पृथ्वी फिरते म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ढकललं जातं. म्हणून उत्तर भागात ते अरबस्तानच्या किनाऱ्यानं वर चढतं आणि बरंचसं इजिप्तच्या बाजूनं खाली परततं. मध्ये भोवरेही असतात. उत्तरेला थंड आणि जास्त खारट झालेलं पाणी जड होऊन बुडतं. तळचं खारट पाणी शेवटी त्याच सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. एकाच दारातून वरून येणं, खालून जाणं.

हिवाळ्यात दक्षिण भागात वारा जहाजाला पाठीवर घेतो. उत्तरेत मात्र वर्षभर वारा समोरून. इजिप्तच्या कडेनं गेलं तर पाणीही उलटं. अरबस्तानच्या कडेनं जावं तर तिथं खडक, नांगर टाकायला धड जागा नाही. म्हणून मधूनच चला, असं पेरिप्लस सांगतं. शिडाच्या जहाजाला बेरेनिकेच बरं.

बेरेनिके हे नाव एका राणीचं. तिच्या राजा झालेल्या मुलानं ते बंदराला दिलं. तिथल्या उत्खननात भारतातलं सागवान सापडलं आणि एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरीसुद्धा.

राणीचं नाव राहिलं. तेरचं सूत कातणाऱ्या हातांची आणि पाण्याची ओढ ओळखणाऱ्या खलाशांची नावं कुणी लिहिली नाहीत. शास्त्रज्ञांनी प्रवाह मोजले ते फार नंतर. पण त्या खलाशांना ते ठाऊक असल्याशिवाय आपलं कापड नाईलकाठी पोचलंच नसतं.

तुमच्या गावातही असं न लिहिलेलं ज्ञान असेल. विहिरीचं, वाऱ्याचं, बियाण्याचं. पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, आणि वहीत त्यांच्या नावासकट लिहून ठेवा.