ब्रिंक (इंग्रजी शब्दबंध)

ब्रिंक : कड्याची किंवा तीराची कड, हा मूळ अर्थ. आज हा शब्द बहुतेक वेळा ‘ऑन द ब्रिंक ऑफ’ या जोडणीतच आढळतो आणि पुढे वॉर, कोलॅप्स, बँकरप्सी, एक्स्टिंक्शन अशी अरिष्टे येतात. कडेवर डळमळण्यासाठी ‘टीटर’, वेळीच माघार घेण्यासाठी ‘पुल बॅक’ ही क्रियापदे रूढ आहेत. ‘ऑन द व्हर्ज ऑफ’ त्याहून सौम्य. रडू फुटण्याच्या बेतात असलेल्या माणसाबद्दलही तो चालतो. ‘ऑन द कस्प ऑफ’ बहुधा चांगल्या बदलाची चाहूल देतो, त्यामुळे दिवाळखोरीला तो शोभत नाही. संकट टळल्यावर मात्र ‘क्लोज कॉल’, ‘नॅरो एस्केप’ किंवा, विशेषतः विमानवाहतुकीत, ‘निअर मिस’ म्हणतात.

या शब्दाला राजकीय धार आली ती शीतयुद्धात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी जानेवारी १९५६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातील मुलाखतीत, युद्धात न पडता त्याच्या कडेपर्यंत जाता येणे ही आवश्यक कला असल्याचे सांगितले. त्यावर टीका करताना डेमोक्रॅटिक नेते ॲडलाय स्टीव्हनसन यांनी वापरलेला ‘ब्रिंकमनशिप’ हा शब्द राजनीतीच्या परिभाषेत कायमचा रुजला. त्याची घडण स्टीफन पॉटर यांच्या १९४७ मधील ‘गेम्समनशिप’सारखी आहे.

या रूपकाची सर्वांत मर्मग्राही चिकित्सा थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या ग्रंथात केली. त्यांच्या मते ही कड म्हणजे पाय रोवून उभे राहावे आणि खाली पाहून उडी घ्यायची की नाही ते ठरवावे अशी धारदार जागा नसते. तो गोलसर, निसरडा उतार असतो. पाय नेमका कुठे सुटेल हे त्यावर उभ्या असलेल्यालाही कळत नाही. दोनच वर्षांत, क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात याचा प्रत्यय आला. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकी नौदलाने बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्याचा इशारा म्हणून पाण्यात स्फोट घडवले. तिच्यावर अण्वस्त्रयुक्त टॉर्पेडो आहे, हे वर जहाजांवर कुणालाच ठाऊक नव्हते.

मराठी वृत्तपत्रांत ‘ऑन द ब्रिंक ऑफ’साठी ‘विनाशाच्या उंबरठ्यावर’ सर्रास लिहितात. उंबरठ्यावर मात्र माणूस हवा तितका वेळ निर्धास्त उभा राहू शकतो. निसरडेपणाचे भय पोचवायचे असेल, तर अनुवादकांनी ‘कडेलोटाच्या बेतात’ लिहावे.