बांद्याचा ताप, पुण्याच्या पेशी

काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम सिंधुदुर्गातल्या बांद्यात हातात हात घालून येतात. थंडी सरता सरता बागांमध्ये पाचोळा साचतो, त्यात हा ताप पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्ले असतात आणि बोंडू वेचणारी माणसे नेमकी त्याच पाचोळ्यात वाकलेली असतात. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात हा ताप पसरला, पुढच्या वर्षी त्याने बांदा परिसर गाठला. रानात माकडे मरून पडत होती आणि घरांतून माणसे तापाने फणफणत होती. डेंगी म्हणावा तर डेंगीसारखा, लेप्टो म्हणावा तर लेप्टोसारखा. नुसती लक्षणे पाहून नाव ठरेना. त्यासाठी रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत जावे लागले.

या तपासणीची मुळे पुण्यात आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये तिथे विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा या केंद्राचे शास्त्रज्ञ तिकडे धावले आणि त्यांनी माकडतापाचा हा नवा विषाणू हुडकून काढला. रुग्णाचे रक्त उंदराच्या तान्ह्या पिल्लांना टोचायचे आणि ती आजारी पडतात का ते पाहायचे, ही तेव्हाची रूढ रीत. रीत खात्रीची, पण वेळ खाणारी.

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही. मग अख्खा उंदीर कशाला, नुसत्या पेशीच बाटलीत वाढवल्या तर?

ही विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत कमल रणदिवे यांचे नाव आधी घ्यावे लागते. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या रणदिव्यांनी मुंबईत व्ही. आर. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेला ही माणसाच्या पेशींची पहिली अमर वंशमालिका तयार झाली, ती याच गाय यांच्याकडे. परतल्यावर रणदिव्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

काम नाजूक असते. ऊतीचा तुकडा ट्रिप्सिनने सैल करून पेशी सुट्या करतात. त्यांना क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि वासराच्या रक्तातला सीरम मिसळलेले गुलाबी द्रावण देतात आणि ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. द्रावण पिवळे पडले की आम्ल वाढले, पेशींना नवे द्रावण हवे. बुरशीचा एक कण शिरला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते. सगळे नीट जमले तर पेशी बाटलीच्या तळाला फरशीसारख्या सलग पसरतात. विषाणू शिरला की त्या गोल होतात, तळापासून सुटतात आणि द्रावणात तरंगू लागतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्याला हा विध्वंस थेट दिसतो.

माकडतापाच्या विषाणूला व्हेरो पेशी चांगल्या मानवतात. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या या पेशी. रानातल्या माकडांना मारणारा विषाणू प्रयोगशाळेतही माकडाच्याच पेशींत फोफावतो!

पुण्याने या क्षेत्रात स्वतःचीही भर घातली. १९६७ मध्ये विषाणू केंद्रातले के. आर. पी. सिंग यांनी एडीस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींची वंशमालिका तयार केली. तिच्यातून अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये निवडून काढलेली सी६/३६ ही शाखा आज जगभर डेंगीचा विषाणू वेगळा करण्यासाठी वापरली जाते.

पेशी लशीच्याही कामी आल्या. माकडतापाचा विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून, फॉर्मॅलिनने निष्प्राण करून लस बनवली गेली. कर्नाटकात १९९० ते १९९२ दरम्यान झालेल्या चाचणीत दोन डोसांनी सुमारे ९४ टक्के संरक्षण दिसले. पुढच्या अभ्यासात, २००५ ते २०१० मधल्या नोंदींवरून, हा आकडा ६२ टक्क्यांवर घसरला. पुन्हा पुन्हा बूस्टर द्यावे लागत. अखेर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला.

या विषाणूची लागण खुद्द प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनाही झालेली आहे, म्हणून जिवंत विषाणूवरचे काम कडक बंदोबस्तात चालते. देशातली पहिली सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये पुण्यातच सुरू झाली. बांद्यात साथ आली तोवर निदानाला पेशींची वाट पाहावी लागत नव्हती. तापाच्या पहिल्या दिवसांत पीसीआर चाचणी रक्तातला विषाणूचा जनुकीय तुकडा पकडते, नंतर एलायझा प्रतिपिंडे शोधते. तरीही नमुन्यात जिवंत विषाणू आहे का, नवे औषध किंवा नवी लस त्याला अडवते का, हे तपासायला शास्त्रज्ञ पेशींच्या बाटलीकडेच वळतात. नवी लस हाती येईपर्यंत काजूच्या बागेत शिरताना अंगभर कपडे घालणे, उघड्या अंगाला गोचीड रोखणारे औषध चोपडणे आणि घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करणे, एवढाच बंदोबस्त बांदेकरांच्या हाती आहे.